बुलेटचा कडक क्लच

दादा,

अक्षर लागत नसेल तर चिडू नकोस. मी डावरी आहे, आणि बुलेटचा क्लचही डाव्याच हाताने दाबायचा असतो.

तू इंजिन ट्यून केलंस, ओढ वाढली, जुना क्लच स्लिप व्हायला लागला, इथवर मान्य. पण मला न विचारता इतक्या कडक स्प्रिंगा कशाला टाकल्यास? काल कंपनीतून सुटल्यावर मोरिवलीच्या ट्रॅफिकमध्ये लिव्हर बोटांतून सुटला, गाडी उसळली आणि पुढच्या रिक्षावर आदळली. रिक्षावाला म्हणतो, "ताई, झेपत नाय तर स्कूटी घ्या ना!"

(थांबले. बोटं मोकळी केली.)

तशीच उल्हासनगरला आपल्या स्पेअर पार्टवाल्या लालवानी अंकलकडे गेले. ते म्हणाले, "बेटा, भाई को पाच प्लेटवाला क्लच दिखाया था. पकड भी अच्छी, हाथ को भी हलका. बोला, नहीं चाहिए, गाडी मैं अकेला चलाता हूँ."

अकेला?

सोमवार ते शुक्रवार अंबरनाथला कामावर ती कोण नेतं? बाबांनी चावी देताना "दोघांची" म्हटलं होतं, तेव्हा तू माझ्या शेजारीच उभा होतास.

पाच प्लेटवाला क्लच आणलाय, टाकीवर ठेवलाय. आज मी रिक्षाने जाते. संध्याकाळपर्यंत बसवून ठेव. मग सोनिवलीपर्यंत मी चालवून बघणार आहे, आणि तू मागे बसणार आहेस.

राजसी