राखगडाच्या राजाचा खोकला

आबा,

आणि मी नुसतं तोंड चालवतो, हे तुमचं म्हणणं मी अजूनही मान्य करणार नाही. तोंड चालवणं हेसुद्धा काम असतं. इथं कोईमतूरला रविवारी दुपारी दुकान बंद असलं की चार माणसं माझं तोंड ऐकायला येऊन बसतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर आपल्या मालाला गिऱ्हाईक हाय.

जाऊ द्या. भांडायला बसलो नाही. तुम्ही असताना भांडणाशिवाय आपलं बोलणं कधी झालं नाही, म्हणून सवयीनं तसं निघालं. पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध आहे. पण लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. मला लाज वाटतीय, आणि ती ज्याच्यापुढं सांगावी असं माणूस दुसरं कुणी नाही.

आमच्या शेठचा पुतण्या ओंकार इथं इंजिनीयरिंगला आहे. त्यानं एक खेळ आणला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. कुणी तलवारबाज, कुणी जादूगार. मी म्हणतो, समोर दरी आहे. तो म्हणतो, मी उडी मारतो. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि फासा ठरवतो, पलीकडं पोचला का खाली गेला. गोष्ट सांगणाऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. सातवी नापास मास्तर! तुम्ही असता तर पोट धरून हसला असता, आणि हसता हसता खोकला असता.

त्या खोकल्यापाशीच सगळी घाण झालीय.

सुरुवातीला मी राक्षस आणायचो, चेटकिणी आणायचो. पोरं त्यांना मारायची आणि चहा प्यायची. एक दिवस ओंकार म्हणाला, मास्तर, असला खलनायक उपयोगाचा नाही. खरा खलनायक स्वतःला वाईट समजतच नाही. तो कायतरी वाचवायला निघालेला असतो, आणि त्या वाचवण्यापायीच सगळ्यांना जाळत सुटतो. ऐकणाऱ्याला त्याची चीड आली पाहिजे आणि नंतर कीवही आली पाहिजे.

मी म्हणालो, "हाय माझ्याकडं तसला एक. तयार."

आबा, मी तुम्हाला काढलं.

राखगड नावाचा किल्ला केला. तिथल्या हवेत सोन्याची धूळ उडते. तिथला राजा इतका चिकट की एक कण बाहेर जाऊ देत नाही. गडातून निघणाऱ्या प्रत्येकाचं दरवाज्यात डोकं धुतात, कपडे झाडतात, नखं कोरतात. पायपुसणीसुद्धा जाळून त्यांची राख चाळतात. पोरांना वाटलं, काय भन्नाट डोकं चालवलंय! मी कशाला सांगू, की आपल्या गलाईच्या, सोनं गाळायच्या दुकानात रोज हेच चालतं, आणि माझ्या बापानं जन्मभर हेच केलं म्हणून.

राजा यायच्या आधी त्याचा खोकला यायचा. तुमचा. पहिल्यांदा बारीक, मग छातीच्या तळातून उपसल्यासारखा, आणि शेवटी तो शिट्टीसारखा श्वास. मला हुबेहूब जमतो. मलकापूरचा सलीम शेजारच्या पॉलिशच्या दुकानात असतो, आमच्या खेळात तलवारबाज तोच. तो हसून हसून खाली पडला. म्हणाला, "मास्तर, तुज्या राजाला तलवार कशाला, पावसाळाच पुरंल की रं." मग कुणाचा फासा वाईट पडला की सगळेच खोकायला लागायचे. मीही. तेजाबाच्या धुरानं तुमची छाती पोखरली, आणि मी त्याचं हसू करून महिनोन्महिने चहा प्यालो. वर आणखी छातीवर हात धरायचो, तुम्ही धरायचा तसा. वाहवा मिळत होती ना!

माझा राग तुम्हाला ठाऊक आहे. मदुराईचं दुकान. मी पंधरा वर्षांचा. पौषात यमाईच्या यात्रेला औंधला निघायची ती सकाळ. तुम्ही मला नवा निळा शर्ट घेतला होता. आणि तोच शर्ट अंगातून काढायला लावून, शेठ आणि समद्या कामगारांसमोर मला परातीत वाकवलंत. डोकं धुतलंत. फणीनं विंचरलंत. खिसे उलटे केलेत. शर्ट कागदावर झाडलात. शेठच म्हणाला, राहू दे, लेकरू हाय. तर तुम्ही म्हणालात, "न्हाई शेठ. समद्यांम्होरं होऊ द्या."

सगळे हसत होते. मी उघडा, डोक्यातनं पाणी गळतंय. मला एवढंच कळलं, की माझा बाप मला चोर समजतो. गाडीत बोललो नाही. यमाईच्या डोंगरावर तुमच्या पुढं पुढं चढलो. यात्रेनंतर तुमच्याबरोबर मदुराईला आलो नाही, इथं दुसऱ्या शेठकडं पळालो. तुम्ही दोनदा निरोप धाडलात. मी एकदाही आलो नाही.

आता परवाचा रविवार सांगतो.

पोरं राखगडाच्या दरवाज्यात पोचली. राजा आपल्याच पोराचं डोकं धुऊन त्याला बाहेर काढतो, हा प्रसंग मी मुद्दाम ठेवला होता. राजाची सगळ्यांना चीड यावी म्हणून. सलीम तलवार काढेल आणि एकदाचं संपेल, असा माझा हिशेब. पण सलीमनं तलवार काढलीच नाही. तो राजाला म्हणाला, "पोरगं तर तुजंच हाय. मग समद्या दरबाराम्होरं कशाला धुतलास त्याला?"

खेळाचा नियम असा, की राजाला विचारलं तर मास्तरनं राजा होऊन उत्तर द्यायचं. पंधराव्या वर्षापासून हा प्रश्न मी तुम्हाला विचारलाच नव्हता. मी तोंड उघडलं, आणि आबा, तोंडातनं तुम्ही बोललात.

"उद्या गडात कणभर कमी भरलं तर पयलं बोट कुणाकडं जाईल? माज्या पोराकडं. म्या त्येला समद्यांम्होरं धुतला. आता कुणाची छाती हाय त्येला चोर म्हनायची?"

कुणी हसलं नाही. कुणी खोकलं नाही. ओंकारनं विचारलं, हे आधीच ठरवलं होतंस का? मी हो म्हणालो. खोटं बोललो.

मग खेळ मोडला आणि एकेक आठवायला लागलं. त्या यात्रेच्या आधीच्याच दिवाळीत तुमच्या दुकानात तोळाभर कमी भरलं होतं. एका पोरावर आळ आला, त्याला गावी धाडलं. पुन्हा मद्रासपासून दिल्लीपर्यंत आपल्या मुलखातल्या एकाही गलाईवाल्यानं त्याला उभं केलं नाही. हे मला ठाऊक होतं. सोयीनं विसरलो होतो.

आणि इथल्या शेठचं पहिलं वाक्य आठवलं. "तूच का रं त्यो, बापानं धुऊन काढलेला?" मला वाटलं टोमणा. तोंड पाडून उभा राहिलो. त्यांनी महिन्याभरात तिजोरीची किल्ली माझ्या हातात दिली, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. पंधरा वर्षांच्या अनोळखी पोराला किल्ली कोण देतं, आबा? तुमचं ते परातीतलं पाणी माझ्या आधी इथं पोचलं होतं.

का हेही मीच रचतोय? लाज झाकायला माणूस काय काय रचतो. विचारायचं कुणाला आता? तुम्ही एकदा तरी बोलायचं होतं. गाडीत समोरासमोर बसलो होतो की! "पोरा, असं असं हाय," एवढ्या दोन शब्दांना काय सोनं लागलं असतं? तुम्ही मुके आणि मी तोंडाळ, पण बोललं दोघांतलं कुणीच नाही.

एक अजून राहिलंय.

तुम्ही गेलात तेव्हा मी थेट सावडायच्या दिवशी पोचलो. धाकटे चुलते म्हणाले, थोरला हाय, तूच घाल हात. मी खिशातनं हात काढले नाहीत. लांब आंब्याखाली उभा राहिलो. आई बघत होती. चुलते पुटपुटले, "ऱ्हाऊ द्या, त्येला दक्षिणंचं वारं लागलंय." तुमच्या अस्थी त्यांनी वेचल्या. राख चाळायला मला तुम्ही शिकवलं. बोटं कशी फिरवायची, कण कसा ओळखायचा, घाई करायची नाही. जगभराच्या पायपुसण्यांची राख मी चाळली, आणि तुमच्या राखेला हात लावला नाही.

काल सलीम दुकानात आला होता. म्हणाला, "मास्तर, राजाला मारायचा का? मला न्हाई जमायचं गड्या." मी त्याला सांगितलं, ते फासा ठरवंल. मी राजाला खोटं वाचवणार नाही. तुम्हाला लबाडी चालायची नाही.

पण येत्या रविवारी त्या खोकल्यावर कुणी हसणार नाही. हसलं तर त्याला मी सांगेन तो कुणाचा आहे. आणि राजा पडला, तर त्याचं पोरगं दरवाज्यातनं परत आत येईल. बाकीचे गड लुटायला पळतील. ते खाली बसेल आणि दोन्ही हात राखेत घालेल. सावकाश. घाई न करता. त्याला फासा टाकायला लागणार नाही.

आणि वर्षश्राद्धाला मी येतो. आदल्या दिवशीच येतो. डोकं समद्यांम्होरं भादरीन, आबा. यावेळी कुणी हसलं तरी चालंल.

तुमचा थोरला,
विकास

ता. क. आमचे शेठ वर्षाचा केर जाळून, चाळून जे सोनं निघतं, त्यातलं आम्हा कामगारांना वाटतात. डोकी धुतलेल्या पाण्यातला गाळही त्यातच असतो. यंदाचा माझा सगळा वाटा तुमच्या वर्षश्राद्धासाठी आईच्या खात्यावर धाडतोय. नऊ हजार दोनशे रुपये.