चौकटीतल्या टाचण्या

४ फेब्रुवारी

...दूध गॅसवर, केर अर्धा काढलेला, आणि हे दारात एका पायात बूट घालून मला मोठ्याने बातम्या वाचून दाखवताहेत. त्या सकाळचं एवढंच आठवतं. चादरी भिजत घातल्या, भांडी घासली, दूध उतू गेलं म्हणून ह्यांच्यावर खेकसले. शेवटचं असावं असं त्यात काहीच नव्हतं. संध्याकाळी हे नव्हते.

आज नव्या खोलीत केर काढताना हाताने जुनंच वळण घेतलं. दाराजवळचा कोपरा सोडून दिला, बुटांसाठी. मग लक्षात आलं आणि तोही झाडला.

खोली झकास आहे. जिना चढून आलं की आपलं राज्य. खाली मालक आणि मालकीणबाई. भिंती दगडी, हातभर जाड. गल्लीच्या टोकाला वाचनालय. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी पुड्यांच्या कागदांवर आणि ह्यांच्या शिळ्या वर्तमानपत्रांवर शिकले. वाचनालयाजवळचं घर म्हणजे माझ्या लेखी राजवाडाच.

खिडकीच्या लाकडी चौकटीत कुणीतरी सुया आणि टाचण्या ओळीने टोचून ठेवल्या आहेत. चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. मालक म्हणाले, आधी इथे शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या. फुकटच्या सुया, कोण सोडतं? बाळाची दुलई शिवायला घेतली.

लेकीला सातवा लागला आहे. ती परदेशात, एकटीच धावपळ करते. बाळंतपणाला मी जायचं ठरलंय. हे गेल्यापासून पहिल्यांदाच कुणाचं माझ्यावाचून अडलं आहे.

भिंतींमुळे मोबाइलला घरात रेंज नाही, म्हणून नेटवाला येऊन वायफायचा डबा लावून गेला. लगेच मालकांनी पासवर्ड मागितला. म्हणाले, "ताई, एका घरात दोन चुली कशाला?" म्हटलं, भाडं मात्र वेगळ्या चुलीचं घेता. हसले. त्यांचाही मुलगा बाहेर असतो. त्याच्याशी बोलायला ते गल्लीत जाऊन एक कान दाबून उभे राहतात.

९ फेब्रुवारी

नेट जातं. दिवसभर ठीक असतं, संध्याकाळी लेकीशी बोलायला बसले की पाच-दहा मिनिटांत तिचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठतो आणि डब्यावरचा हिरवा दिवा लाल होतो. मालक म्हणाले, नेट नळाच्या पाण्यासारखं, येईल तेव्हा भरून ठेवायचं. त्यांना विनोद सुचतात.

नेटवाल्याला गल्लीतून फोन केला. त्याने विचारलं, मावशी, बंद करून, थोडं थांबून पुन्हा चालू केलंत का? केलं. ह्यांच्या बाबतीत डॉक्टरांनीही तेच करून पाहिलं होतं, छातीवर. दिवा लागला नाही. डब्याचा लागतो, पण दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा जातो.

१२ फेब्रुवारी

नेटवाला आला. डबा बदलला, पिना बदलल्या, खिडकीतून वायर ओढून पाहिली. मग जिन्यात वायरला एक जुना जोड सापडला, काळी टेप गुंडाळलेला. त्याने टेप सोडवून मला दाखवलं. म्हणाला, उंदीर कुरतडतो तेव्हा दोरे निघतात, ही पकडीने कापलेली आहे. आधीच्या बाईंच्या वेळची. त्या बोलवायच्या, तो जोडून जायचा, पुन्हा तुटलेली असायची. शेवटी मालकांनीच त्याला सांगितलं, येऊ नकोस, बाई खोली सोडताहेत.

मी विचारलं, सोडली का? तो वायर सोलत म्हणाला, "सोडली म्हणजे, गेल्याच की त्या मावशी. इथेच."

जोड त्याने नव्याने केला. संध्याकाळी पुन्हा लाल.

१४ फेब्रुवारी

नेटवाला म्हणाला होता, दोष फोनचा की लाइनचा हे बघायला फोन दुसरीकडे लावून पाहा. वाचनालयात लावला. लख्ख लागला. मला वाटलं, लेक खूश होईल.  तर ती म्हणाली, काल एवढं बोललीस आणि आज पुन्हा कशाला फोन?

काल माझी लाइन तिसऱ्याच मिनिटाला गेली होती. मी तसं सांगितलं. तर तिच्याकडे ती गेलीच नव्हती. मी तिच्यासमोर बसून तासभर बोलत होते म्हणे. रोजच बोलते. आधी हवापाण्याचं, मग टोचून. काल म्हणे मी म्हणाले, बाळंतपणाला मी येणार नाही, मला तुझ्याशी बोलायचंच नाही.

मला हसू आलं, मग ते मध्येच थांबलं. शेवटी ती म्हणाली, "आणि आई, तू तोंडात टाचण्या धरून का बोलतेस गं?"

१५ फेब्रुवारी

तिने कालच्या संध्याकाळचं चित्रण करून पाठवलं. वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटाआड उभी राहून पाहिलं. खोली माझी. खुर्ची माझी. चेहराही माझा, गालावरच्या तिळासकट. फक्त ओठ मिटलेले. मिटल्या ओठांच्या कडेला टाचण्यांची गोल डोकी, ओळीने, शिंपी धरतात तशी. आवाज ओठांच्या कोपऱ्यातून येतो. माझाच आवाज.

मी आयुष्यात कधी टाचण्या तोंडात धरलेल्या नाहीत. मला भीती वाटते, गिळेन म्हणून.

१६ फेब्रुवारी

गच्चीवर कपडे वाळत घालताना मालकीणबाईंना सरळ विचारलं. त्या आधी चिमटेच मोजत बसल्या. मग सगळं सांगितलं, एखादं ओझं खाली ठेवावं तसं.

बाई भाडेकरू म्हणून फार जुन्या, त्यामुळे भाडं फार कमी, आणि खोली सोडेनात. बाहेर हिंडणं सुटलेलं, गुडघे गेलेले. मुलगा दूर, वायरच तेवढी मध्ये. मालकांनी ती कापली. कंटाळून जातील म्हणून. मुलाला आईचा फोन लागेना, तेव्हा त्याने खाली मालकांना केला. मालक त्याला म्हणाले, तुझ्या आईला तुझ्याशी बोलायचं नाही. दोनदा, तीनदा तेच सांगितलं. मुलाने नाद सोडला. बाई वर हाका मारत होत्या. भिंती जाड.

"मी जेवण द्यायचे हो वर," मालकीणबाई म्हणाल्या. "पण वायरीचं मला काय कळतं?"

वायर न कळायला त्यात काय काव्य होतं? मी पुढचा कपडा झटकला. शेवटी त्या म्हणाल्या, आमच्या ह्यांचा मात्र मुलावर जीव आहे हो, त्याच्याशी बोलल्याशिवाय घास उतरत नाही.

ते मी लक्षात ठेवलं.

१७ फेब्रुवारी

लेकीला वाचनालयातून सगळं सांगितलं. घरून फोन आला तर उचलू नकोस म्हटलं. तिला पटत होतं. रडलीही थोडी. तिकिटाचं बोलत होतो. तेवढ्यात थांबली. म्हणाली—

"आई, दुसरा फोन येतोय. तुझाच."

उचलू नकोस म्हटलं. ओरडले. वाचनालयातली माणसं बघायला लागली. तिने उठून दुसरा फोन उचलला. मला पडद्यावर नुसती तिची रिकामी खुर्ची दिसत राहिली.

१८ फेब्रुवारी

तिचा निरोप. ठीक आहे, नको येऊस. मी करीन माझं.

पुन्हा केला. उचलत नाही. पुन्हा—

डब्याची पिन उपटून ठेवली तरी दिवा हिरवाच.

१९ फेब्रुवारी

आज भीती संपून दुसरंच काही सुरू झालं. ह्यांना मी कुणाकडून परत मागू शकले नाही. हृदयाला कोर्टात ओढता येत नाही. पण इथे माणूस आहे. खाली आहे. जेवून ढेकर देतो ते मला जिन्यातून ऐकू येतं.

खिडकीजवळ उभी राहून मोठ्याने बोलले. बाई, तुमचं माझ्याशी काय भांडण? मी तुमच्या मुलाला काही सांगितलेलं नाही. ज्याने सांगितलं तो एक जिना खाली आहे. माझी लेक सोडा. त्याचा मुलगा घ्या.

 चौकटीतली एक टाचणी आपोआप सैल झाली, टप्‌कन खाली पडली. मी उचलून होती तिथे टोचली.

उद्या काय करायचं ते ठरलं.

२० फेब्रुवारी

सकाळी नेटवाल्याला बोलावून डबा खाली, मालकांच्या बैठकीत लावून घेतला. नेटवाला म्हणाला, मावशी, तुम्ही फुकट देताय? म्हटलं, शेजारधर्म. मालकांनी माझ्या डोक्यावर फुलं ठेवायचंच बाकी ठेवलं. पासवर्ड त्यांना मीच कागदावर लिहून दिला, ठळक अक्षरात. दिवा हिरवा.

संध्याकाळी जिन्यात बसून ऐकलं. मालक मुलाशी बोलत होते, लाडात. मग हॅलो. हॅलो. हॅलो. मग म्हणाले, च्यायला, गेलं वाटतं.

तिकडे गेलेलं नव्हतं. मला माहीत होतं, तिकडे ते अजून बोलत होते.

मला वाईट वाटलं नाही. लिहून ठेवते, नंतर वाटलं तर आठवावं म्हणून.

२३ फेब्रुवारी

मालकीणबाई वर आल्या. मुलाने बापाचं नाव टाकलं म्हणे, पुन्हा फोन करू नका. आणि सकाळपासून आमचे हे तोंड उघडत नाहीत. पाणीसुद्धा नाही. ओठ दाबून बसलेत, ओठांच्या कडेने रक्त—

काय करू हो ताई, म्हणाल्या.

मी म्हटलं, "बंद करून थोडं थांबा. मग पुन्हा चालू करून पाहा."

 मी दार लावून घेतलं. चौकटीकडे पाहिलं. सुया आहेत. टाचणी एकही नाही.

२४ फेब्रुवारी

वाचनालयात लेकीचा फोन आला. आपणहून. आई, मला काय झालं होतं कळत नाही, ये तू, तिकीट काढलंय. खूप रडलो दोघी.

खालून आवाज नाही. गाडी येऊन मालकांना घेऊन गेली. मागोमाग मालकीणबाई.

घर मोकळं. बाई, झालं ना तुमचं? मी विचारलं. आता जा.

२५ फेब्रुवारी

आज बॅग भरायला घेतली. लुगडी, औषधं, ह्यांचा फोटो. वरून बाळाची दुलई ठेवायची म्हणून काढली. अर्धी राहिली होती, चार तारखेनंतर शिवायला बसलेच नव्हते.

पुरी झालेली आहे.

टाका माझा नाही. माझा इतका बारीक कधीच पडला नाही. सुंदर आहे. कडेला घडी पाडून दुमडलंय, बाळाच्या गालाला लागेल तिथे मऊ कापड, आणि आत, कापसात, बोट फिरवलं तर ओळीने काहीतरी टोच—