कमळ, कुमुद आणि एक रकाना

९ ऑक्टोबर
आज तळ्यात उतरले! पुढे लहानूजी डोंगा हाकत, मागे मी वही छातीशी धरून. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी दोनच फुलं — कमळ आणि कुमुद. लहानूजी साठीचे, जन्म या तळ्यातल्या मासेमारीत गेला. म्हणाले, "कुमुदाचं पान चिरलेलं राह्यते, पाण्यावर लोळते. कमळाचं आख्खं, अन् मान वर." माझी दोन पानं टिपणं त्यांनी तेवढ्यात संपवली.

१२ ऑक्टोबर
चिखल एकच, पण कुळं वेगळी. कमळाचं जवळचं नातं काश्मीरच्या चिनाराशी आहे. लहानूजींना सांगितलं. "झाडाशी? असन. आमचेबी सोयरे लय दूर हायेत."

३ डिसेंबर
प्रबंधाच्या तक्त्यातला शेवटचा रकाना भरला. संवर्धन स्थिती: दोन्ही धोक्यात नाहीत.

२० जानेवारी
तळ्याचं सुशोभीकरण मंजूर झालं. पाणी काढणार, गाळ उपसणार, चारी बाजूंनी सिमेंटची भिंत, मधे कारंजं. सरपंच बापूराव खुशीत — "मॅडम, पाहजा आता कसं चकाचक होते." त्यांच्या मनात वाईट काही नाही. भांडू तरी कुणाशी?

२८ जानेवारी
समुद्रपूरला तहसील कार्यालयात काम थांबवण्याचा अर्ज घेऊन गेले. लहानूजीही आले, धुतलेला सदरा घालून. साहेबांनी नीट वाचला. "धोक्यातल्या यादीत आहेत का ही झाडं? असतील तर आत्ता काम थांबवतो."
लहानूजी माझ्याकडे बघत होते.
मी म्हणाले, नाही.
"मग?" अर्ज परत माझ्या हातात.


११ फेब्रुवारी
जेसीबी आला. कमळाचे कंद चिखलातून ओढून काढले, लांबच लांब. ट्रॅक्टरच्या चार खेपा. कुमुद कुठलं, कमळ कुठलं, मलाही ओळखता येईना. फोटो काढत राहिले. कशासाठी, माहीत नाही.

१३ फेब्रुवारी
लहानूजी ओट्यावर जाळं गुंडाळत होते. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "पोरी, एक शब्द खोटा बोलली असती, तं काय झालं असतं?"
मी चहा न घेताच उठले.

१९ फेब्रुवारी
सर म्हणाले, प्रबंध निर्दोष आहे.

२ मार्च
लहानूजींच्या मेव्हण्याच्या गावातही असंच तळं. तिथंही सुशोभीकरणाची मंजुरी आली. अर्ज मी लिहून दिला. 'कमळ — अतिसंकटग्रस्त.' खाली सही केली, सहीखाली पदवी.