मौन: एक यशस्वी प्रयोग

४ जून, सकाळ
आजपासून मौन. लेक आठवडाभर म्हणतेय, बाबा, मला काहीतरी सांगायचंय. मी विषयाला धरून दोन शब्द बोलतो न बोलतो, तोच उठून जाते. हल्लीच्या मुलांत पेशन्सच नाही. बायकोच्या मते माझी टकळी थांबली तर पोरगी बोलेल. आरोप निराधार. पण समजूतदारपणा दरवेळी मीच दाखवायचा!

४ जून, संध्याकाळ
मौन उद्यापासून. आजचा दिवस सगळ्यांना पूर्वकल्पना देण्यात गेला. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना मौनाचे फायदे ठाऊकच नव्हते. ते घाईघाईने जिना चढत होते. मग मीही चढलो.

६ जून
शोरूममध्ये मौन. एक बाई आल्या. मी फक्त मान डोलावली. त्यांनी चार सोफ्यांवर बसून पाहिलं आणि सगळ्यात मोठा पसंत केला. शब्द किती फालतू असतात! हे त्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात समजावलं. घरी विचारून येते म्हणाल्या. आल्या नाहीत. मालक दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनाही पटलेलं दिसतंय.

७ जून
सुट्टी. कडकडीत मौन. बायको भाजी चिरताना गुणगुणत होती. तिला गाता येतं, हे विसरलोच होतो. तसं सांगणार होतो, जीभ चावली.

८ जून
विजय! संध्याकाळी लेक गॅलरीत शेजारी येऊन बसली. तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळालीये. जायचंय, पण भीती वाटते म्हणाली. मी गप्प. तिचे डोळे भरले. मी तरी गप्प. तिने खांद्यावर डोकं टेकलं.

"बाबा, आज पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकून घेतलंत."

एवढं कौतुक झाल्यावर, हे कसं जमवलं ते सांगणं भागच होतं. निश्चय, सराव, सोफ्याचं उदाहरण. मी भीतीवर यायच्या आत ती आत निघून गेली होती. भीतीवर माझ्याकडे फार छान मुद्दे होते.

१५ जून
लेक पहाटेच्या गाडीने गेली. बाबांना उठवू नको, असं आईला म्हणाली होती म्हणे. दुपारी पोचल्याचा फोन आला, आईला. माझ्यासाठी निरोप एवढाच: बाबांना सांग, पोचले.

मोजकंच बोलते पोरगी. माझ्यावर गेलीये.