दाराआडची चाळीस मिनिटं

कोल्हापूर,
१८ जुलै २०२५

ती. मीनाआत्यास,
श्रुतीचा सविनय जयभीम. वि. वि.

पावसानं तुमचा टॉवर पुन्हा बंद पडलाय, असं पप्पा सांगत होते. पण पत्र लिहायचं कारण ते नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी निम्मंच सांगितलं असतं. इकडे सगळे बरे आहेत. पप्पांचा गुडघा ठीक आहे. आमचा भाऊराया बुद्धभूषण पुण्यात रुळला, पण आईच्या हातच्या भाकरीला तरसतो आणि ते कबूल करत नाही.

आता खरं सांगते. माझ्या नर्सरीच्या वर्गात बावीस मुलं आहेत, त्यांत क्रांती नावाची पावणेचार वर्षांची मुलगी आहे. ती चावते. दात उमटेपर्यंत चावते. जूनपासून पाच मुलांना चावली, एकदा मलाही. डबे फेकते, रांगेत पुढच्याला ढकलते. तिची आई वर्षाराणी रोज दारात मान खाली घालून उभी असते. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘त्या मुलीचं काय ते करा’ असे मेसेज येतात. त्याच ग्रुपमध्ये वर्षाराणीही आहे, याचं कुणाला काही वाटत नाही.

गेल्या शनिवारी शाळेत पालकांसाठी मुलांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. आदल्याच दिवशी क्रांती विजयसिंह नावाच्या मुलाच्या बोटाला चावली होती आणि त्याचे आजोबा हंबीरराव पहिल्या रांगेत बसणार होते. शाळा संयोगिता मॅडमची आहे. त्या मला म्हणाल्या, ती पोरगी आज कुणासमोर यायला नको, कसं ते तू बघ. वर्षाराणी तर लाजेनं कार्यक्रमाला थांबलीच नव्हती. पोरीला दारात सोडून गेली.

मी बघितलं, आत्या. खेळणी ठेवायच्या खोलीत तिला नेलं, हातात दोन बाहुल्या दिल्या, पाच मिनिटांत येते म्हणाले आणि बाहेरून कडी लावली. त्या खोलीला खिडकी नाही. दिव्याचं बटण बाहेर आहे.

मग गाणी झाली, टाळ्या झाल्या. पोरं चांगली तयार केलीत की, असं हंबीरराव म्हणाले आणि मी खूश झाले. पोहे वाटत होते, तेव्हा आमच्या मदतनीस शालूबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “बाई, ती आत हाय न्हवं?” चाळीस मिनिटं होऊन गेली होती.

मला वाटलं, रडून आकांत केला असेल, गाण्यांच्या आवाजात ऐकू आला नसेल. तसं नव्हतं. आत काळोख होता. ती भिंतीला टेकून बसली होती, कपडे ओले, आणि स्वतःचाच तळहात तोंडावर घट्ट दाबून धरलेला. मी तो काढायला गेले तर काढू देईना.

वर्षाराणी न्यायला आली, तेव्हा पाणी सांडलं म्हणून कपडे बदललेत, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हीच एक हिला सांभाळून घेताय बाई. त्यावर मी ‘असू दे हो’ म्हणाले.

सहा दिवस झाले. शालूबाई माझ्याकडे बघत नाहीत. क्रांती मात्र रोज येऊन माझ्याच शेजारी बसते. तू एकतीस वर्षं अंगणवाडी चालवतेस, तुझ्या हातून असलं काही झालं नसणार. मला काय बोलायचं ते बोल.

तुझी माया माझ्यावर राहू दे, हे लिहायलाही आज हात धजत नाही.

तुझी,
श्रुती


चंदगड तालुका,
२८ जुलै २०२५

चि. श्रुतीस,
मीनाआत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र परवा पोचलं. चार दिवस एसटी बंद होती. विहारात वर्षावासातलं धम्मग्रंथाचं वाचन चालू आहे आणि वाचायला दरवर्षी मलाच बसवतात. तुझं पत्र आल्यापासून मी बसले नाही. डोळे दुखतात म्हणून सांगितलं.

मी तुझी समजूत काढणार नाही. चाळीस मिनिटं तुला गाण्यांत गेली, त्या पोरीला ती कशी गेली असतील ते तुझं तूच बघ. पण माझ्या हातून झालं नसेल असं जे लिहिलंस, ते खोडून टाक.

शहाण्णव साली माझ्या अंगणवाडीत स्वप्नाली म्हणून चार वर्षांची पोर होती. खिचडीचं ताट भिरकवायची, दगड मारायची. एक दगड माझ्या कपाळाला लागला. तो पोरांची वजनं करायचा दिवस होता, गावातल्या बायका जमल्या होत्या. तिची आई न्यायला आल्यावर मी सगळ्यांदेखत म्हणाले, ही शाळेत बसायच्या लायकीची न्हाय, घरात बांधून घाल. आई पोरीला घेऊन गेली ती परत आणली नाही. मी घरी जाऊन बोलवायला हवं होतं. गेले नाही, कारण वर्ग शांत झाला होता आणि मला तो शांत वर्ग आवडला होता. पुढं तिला मराठी शाळेतही कुणी घातलं नाही.

आज ती काजूच्या कारखान्यात बिया फोडते. गेल्या जूनमध्ये तिच्या पोरीचं नाव घालायला माझ्याकडं आली. मी सहीला पेन दिलं, तर तिनं अंगठा पुढं केला. वर मलाच म्हणते, “बाई, माझी पोरगी जरा दांडगी हाय, माझ्यावर गेलीया. तेवढं सांभाळून घ्या.” तिनं माझ्यावर राग धरलेला नाही, श्रुती. चूक तिचीच होती असं तिला वाटतं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. हे मी तुझ्या पप्पालाही कधी सांगितलेलं नाही. तालुक्याला माझा सत्कार झाला तेव्हा तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होता आणि मला शाल अंगावर नको झाली होती.

तू दोन कामं कर. वर्षाराणीला जे झालं ते सांग. आणि एक वही घाल. ‘आज चावली’ एवढंच लिहू नको. चावायच्या आधी काय झालं, कोण जवळ होतं, कोण काय म्हणालं, ते लिही. हे शिकायला मला वीस वर्षं लागली. पहिलं काम पहिलं कर.

रागावले आहे, पण तू माझीच आहेस हे ध्यानात ठेव आणि जेवण टाकू नको.

तुझी आत्या


कोल्हापूर,
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मी कितीदा वाचलं असेल. स्वप्नालीच्या अंगठ्यापाशी दर वेळी थांबते. आणि मी दुसरं काम आधी केलं.

तीन आठवडे वही लिहिली. क्रांती अकरा वेळा चावली किंवा चावायला धावली. त्यातल्या नऊ वेळा कुणाचा तरी हात तिच्या तोंडाजवळ गेला होता. विजयसिंहला विचारलं, तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यानंही तिच्या ओठांवर बोट ठेवलं होतं. ते त्याला मीच शिकवलंय. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आमच्या वर्गात दिवसातून दहा वेळा होतं. मी ते बंद केलं. गप्प करायचं झालं तर डफली वाजवते आणि सगळी पोरं खाली बसतात. गेले बारा दिवस ती कुणालाही चावलेली नाही. मॅडमनी इतर शिक्षिकांना माझा वर्ग बघायला पाठवलं. हंबीररावांनी पेढे आणले. सगळ्यांनी खाल्ले, शालूबाईंनी घेतला नाही.

मागच्या रविवारी वर्षाराणीच्या घरी गेले. सांगायलाच गेले होते. कागलच्या रस्त्याला त्यांची एक खोली आहे. नवरा उदयसिंह पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत रात्रपाळीला असतो. भर दुपारी तो खोलीत झोपला होता आणि मायलेकी त्याच्या पायाशी बसून खाणाखुणांनी बोलत होत्या. माझं पाऊल वाजलं तशी क्रांतीनं आपला हात तोंडावर ठेवला. वर्षाराणी मला बाहेर ओट्यावर घेऊन आली. म्हणाली, गेल्या वर्षी दिवसा झोप झाली नव्हती म्हणून मशीनवर डुलकी लागली आणि त्यांच्या बोटाचं पेर गेलं. तेव्हापासून पोरगी जरा बोलली की मी तिच्या तोंडावर हात दाबते. सवय लागलीया आता, म्हणाली. हे सांगताना तिला आपल्या पोरीचं कौतुकच वाटत होतं.

मी चहा प्यायले. तिनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती घेऊन परत आले आणि काहीही सांगितलं नाही.

आणखी एक लिहायचं आहे. ती हे सांगत होती, तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे दोष माझ्या एकटीचा नाही तर, असं मनात आलं. त्या दाराला कडी लावली त्यापेक्षाही मला याची जास्त लाज वाटते.

पप्पांनी तुला विचारलंय. पत्राचं उत्तर दे, रागाचं असलं तरी चालेल.

तुझी,
श्रुती


चंदगड तालुका,
३ सप्टेंबर २०२५

चि. श्रुतीस, आशीर्वाद.

वहीचं काम चांगलं केलंस. त्याच्याआड लपू नको.

तिच्याकडं माफी मागायला जाऊ नको. मागितलीस की तिला द्यावी लागेल, आणि ती देईल, कारण तिला तुझी भीड आहे. जे झालं ते सांग आणि ती काय म्हणेल ते ऐकून घे. मध्ये बोलू नको. नोकरी गेली तर जाऊ दे. आपल्या घरात तू शिकलीस ती नोकरी टिकवायला नव्हे.

बाकी सगळं भेटीत. इकडं भात पोटरीला आलाय.

तुझीच आत्या


कोल्हापूर,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्राला महिना उशीर झाला. पुढच्या आठवड्यात मी तुझ्याकडे येतेच आहे, पण तोंडी सांगताना काही गाळलं जाईल, म्हणून आधी लिहून पाठवते.

१३ सप्टेंबरला, शनिवारी, सगळी मुलं गेल्यावर वर्षाराणीला थांबवून घेतलं. क्रांती अंगणात शालूबाईंबरोबर पानं गोळा करत होती. मी पहिल्यापासून सांगितलं, पाणी सांडल्याचं खोटं होतं हेही आणि वहीत काय निघालं तेही. तिनं तीनच गोष्टी विचारल्या. “किती येळ?” मी चाळीस मिनिटं म्हणाले. दिवा होता का, विचारलं. नव्हता म्हणाले. मग अंगणातल्या क्रांतीकडे बघत तिनं विचारलं, “रडली?”

नाही म्हणाले, तेव्हा ती पायरीवर बसली. “मीच शिकवलंय तिला,” म्हणाली. तू बोलू नको म्हणाली होतीस, तरी मला राहवलं नाही. मी म्हणाले, कडी मी लावली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “व्हय. ते बी खरंच.” मग क्रांतीला कडेवर घेऊन गेली. एरवी ती तिला चालवत नेते.

सोमवारी उदयसिंह आला. पाळी संपवून तसाच, डोळे तांबडे. मॅडम त्याला सांगू लागल्या की पाच मिनिटांचा प्रश्न होता, उगाच वाढवू नका. त्यानं मला विचारलं. मी चाळीस म्हणाले. तो ओरडला नाही. म्हणाला, “घरात पोरगी गप असायची. मला वाटायचं, शहाणी हाय.” एवढं बोलून त्यानं क्रांतीचं नाव काढायचा अर्ज लिहायला घेतला आणि अर्धवट टाकून माझ्या हातात दिला. बाकीचा मी लिहिला, त्याच्या सांगण्यावरून, माझ्याच विरुद्ध.

मॅडमनी त्याच दिवशी माझा राजीनामा घेतला. तुम्हीच तिला समोर आणू नको म्हणाला होतात, असं मी त्यांना म्हणाले. त्या म्हणाल्या, कोंड असं मी म्हटलं नव्हतं. ते खरं आहे. हाताची घडी, तोंडावर बोट त्या वर्गात पुन्हा सुरू झालंय, असं शालूबाईंनी सांगितलं. त्या आता माझ्याशी बोलतात.

घरी सगळं सांगितलं. आई रडली. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. माझी मुलगी शाळेत शिकवते, असं ते केएमटीच्या बसमध्ये अनोळखी माणसालाही सांगायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली.

परवा दुपारी वर्षाराणी पत्ता शोधत आली. आत ये म्हटलं तर आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. दिवाळीनंतर क्रांतीला त्यांच्या घराजवळच्या बालवाडीत घालायचं आहे. तिथल्या बाईंनी विचारलं की पोरगी कशी आहे, हिला सांभाळायचं कसं. वर्षाराणीला ते नीट सांगता येईना. म्हणाली, “तुमच्या वहीत हाय ते लिहून द्या.” उदयसिंहला हे माहीत आहे का, असं मी विचारलं. त्यानंच पाठवलंय, म्हणाली. तो आता दुपारी दोस्ताच्या खोलीवर झोपायला जातो. पोरगी घरात गाणी म्हणते, पण मध्येच थांबून दाराकडे बघते.

मी पायरीवर बसून दोन पानं लिहिली. तोंडाजवळ हात नेऊ नका. गप्प बस म्हणू नका, डफली वाजवा. चावायच्या आधी ती खांदे वर ओढते, तेवढ्यात तिला नावानं हाक मारा. रांगेत सगळ्यांत पुढे उभी करा. बाहुल्या निजवायला आवडतात.

हे सगळं तिच्या चांगल्यासाठी होतं आणि ते लिहिताना माझा हात चालत होता. मग थांबला. वर्षाराणी वाट बघत उभी होती. मी पुढचं लिहिलं नसतं तरी ती काही म्हणाली नसती.

शेवटी लिहिलं: ‘जुलै महिन्यात हिला शाळेत चाळीस मिनिटं अंधाऱ्या खोलीत कोंडलं होतं. कोंडणारी मी. दार लावायचं झालं तर हिला आधी सांगा, दिवा लावा, आणि सांगितलेल्या वेळेला उघडा.’ खाली पूर्ण नाव घालून सही केली.

वर्षाराणीनं सगळं सावकाश वाचलं. शेवटच्या ओळींवर बोट ठेवून तिनं विचारलं की हे त्या बाईंना द्यायच्या कागदात असू द्यायचं का. मी हो म्हणाले. तिनं घडी घातली, कागद पदराच्या आत ठेवला आणि गेली.

आईचा तुला जयभीम. येताना तुझ्यासाठी काय आणू ते कळव, आणि मला ओळख देशील एवढा लोभ राहू दे.

तुझी,
श्रुती