टोपली भरल्यावर

बाबा, परवा मी एका लॅपटॉपला मोहफुलं वेचायला लावली आणि तो थांबेचना. गावात बायकांसाठी कम्प्युटरचा वर्ग निघाला आहे. नाव मुलीने घातलं. म्हणाली, "आई, माहे बाबा जाऊन तीन वर्षं झाले अन् तू रोज त्याइच्या आंघोळीचं पाणी तापवते. त्यापरीस काई शिक." शिकवणारी मॅडम तिच्याहून लहान. एकच काम पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्राम लिहायचा, जमला की प्रमाणपत्र. मी लिहिलं, झाडाखाली फूल आहे तोवर 'वेच' म्हण. वेचलं की फूल कमी होतं, हे सांगायचं राहिलं. पडद्यावर वेच, वेच, वेच धावू लागलं. घाबरून मी वायर उपटली, तरी चालूच. त्याच्या पोटात बॅटरी. "बाई, थांबाचं कुठी सांगतलं तुमी?" मॅडम म्हणाली. शेजारीण म्हणाली, "हिचं झाड लयच फुललं ना वं!"

मला तुम्हीच दिसलात. मी सात वर्षांची. झाडाखालची जागा झाडून तुम्ही मला बसवलं, "फूल पडते तवरी वेचत राय" म्हणालात आणि गेलात. मोहाचं फूल एकेक करून पडतच राहतं. टोपली भरते, फ्रॉकचा ओचा भरतो, ऊन डोक्यावर येतं, मी वेचतेच आहे. तुम्ही धापा टाकत येता. "काऊन वं, घरी नाई याचं?" "तुमीच त म्हटलं." तुम्ही हसला नाहीत. स्वतःचा दुपट्टा माझ्या डोक्यावर बांधलात. "टोपली भरली का थांबाचं. मी सांगाले नसलो तरी."

तेच लिहिलं. लॅपटॉप शहाण्यासारखा थांबला. प्रमाणपत्र मिळालं.

तुमचे जावई कोळशाच्या खाणीतून यायचे ते फक्त डोळे पांढरे घेऊन, म्हणून पाचला चुलीवर पाणी. तिकडे भेटले असतील तर मान धुतली का तेवढं बघा, मान ते नेहमी विसरायचे. ते येईपर्यंत पाणी गरम ठेवायचं, एवढंच माझ्या हातांना ठाऊक आहे. मग त्या पाण्याने मी भांडी घासते. गावात इतकी लखलखीत भांडी कोणाची नाहीत. मुलीला फोनवर सांगते, "नाई वं, आता नाई ठेवत."

हा कागद मोहाच्या टोपलीतच राहील. थांबायचं कुठे लिहायचं ते आता मला येतं, बाबा. आजपासून बंद, असं ठरवून लिहायला बसले होते. पण पाच वाजत आले आहेत, उठते.