कानशिलावरचा अंगारा

३० जुलै, बुध.
काल नागपंचमी. आबा डिंडोलीच्या घरी चहा पीत होते. एकदम डोकं धरून खाली बसले, उलटी झाली, मग उठताच येईना. मेंदूतली नस फुटली. रात्री दवाखान्यात मांडीतून तार घालून ती आतून बंद केली. आज शुद्धीवर. आईने विचारलं, "कसं वाटस?" तर म्हणाले, "चहा राही गया." मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

१ ऑगस्ट, शुक्र.
ऑफिसातून रजा घेतली. डॉ. म्हणतात खरी परीक्षा पुढे. सांडलेल्या रक्तामुळे दोनेक आठवडे चांगल्या नसाही आकसू शकतात. मग मेंदूला रक्त पोचत नाही, लकवा होतो.
म्हणून ते रोबोटवालं यंत्र. डोक्याला पट्टा, दोन्ही कानशिलांवर चकत्या. त्या आपोआप सरकत नस शोधतात, आणि रक्ताचा आवाज येतो. फुस्स, फुस्स. नस अरुंद झाली की रक्त जोरात धावतं, पडद्यावरचा आकडा चढतो. म्हणजे इथे आकडा कमी तेच बरं. आईला हे समजावता समजावता घसा सुकला. तिचा एकच प्रश्न, "म्हंजे अडस ते कानशिलमा?"
डॉ. गुजराती, तरी समजले. "हा माजी, त्यांथी ज देखाय." तिथूनच दिसतं म्हणे.
आई बराच वेळ मान हलवत राहिली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

३ ऑगस्ट, रवि.
काकांकडे कानबाई बसली, आमच्या कुळाची देवी. आई येईना, मीच ढकललं तिला. रात्री परत आली ती डब्यात आबांच्या वाट्याचा रोट, देवीच्या प्रसादाची जाड पोळी, घेऊनच. रोट घराण्यातल्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. लग्न झालेली लेक परक्या कुळातली, तिला कणसुद्धा नाही. लहानपणी मी खीर बाजूला सारून रोट खायची. आता नुसता वास. म्हटलं, "आबांना अजून घट्ट खायला परवानगी नाही गं."
"पुनवलगून खातीन," आई म्हणाली. विषय संपला.

५ ऑगस्ट, मंगळ.
आजचा दिवस...
नीट लिहिते. सकाळी यंत्र लावलं. उजवीकडे आवाज, डावीकडे काहीच नाही. चकती सरकतेय, थांबतेय, पुन्हा सरकतेय. सिस्टरने डॉ. ना बोलावलं.
डॉ. नी पट्टा काढला, वाकून पाहिलं, कानशील बोटाने खरवडलं. राख! सगळे आईकडे वळले. कानबाईचा अंगारा. आत भेटायला गेली तेव्हा चांगला दाबून चोळला होता, वर केस ओढून घेतले होते. "तुम्हीच सांगं ना, तठेच अडस." उजवीकडे का नाही? तिकडे सिस्टर उभी होती!
कोरड्या भुकटीत हवा राहते, तिच्यातून यंत्राला आत ऐकू जात नाही म्हणे. सिस्टरने ओल्या कापसाने पुसलं, पुन्हा जेल लावलं. फुस्स, फुस्स. मला हसू फुटलं.
डॉ. हसले नाहीत. डावीकडचा आकडा खूप चढलेला. लगेच धावपळ. दुपारी आबांचा उजवा हात उचलेना.

६ ऑगस्ट, बुध.
सलाइन वाढवलंय, बीपी मुद्दाम चढं ठेवतात. जन्मभर ज्या बीपीसाठी आबांना लोणचं बंद, तेच आता वर पाहिजे. हात अजून तसाच.
आई बाकावर. कालपासून जेवली नाही. "मना हातनं वंगाळ व्हयनं." मी समजावलं, रागावले. काल हात उचलेना तेव्हा मला तिचाच राग आला होता, तो तिला दिसलाच असणार. शेवटी डॉ. स्वतः बाहेर आले. आकडा राखेने चढलेला नाही म्हणाले, राख पुसून लगेच उपाय सुरू झाला. मग हात जोडून, "माजी, कपाळ माताजीनुं, लमणुं मशीननुं."
कानशील मशीनचं! आईला पटलं. डाळभात खाल्ला.

८ ऑगस्ट, शुक्र.
आकडा उतरला!! थोडाच, पण उतरला. उजव्या हाताची बोटं हलतात. मऊ खायला परवानगी. आज आबांनी स्वतःच्या रक्ताचा आवाज कान देऊन ऐकला. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये जन्म गेलेला माणूस, म्हणतो, "बॉयलर चालू शे."
आईने यंत्र यायच्या आधी स्वतःच कानशील पुसून ठेवलं. कपाळावर मात्र अंगाऱ्याचा हा एवढा पट्टा.

९ ऑगस्ट, शनि. पौर्णिमा.
सकाळी आकडा पुन्हा किंचित वर. डॉ. म्हणाले घाबरू नका, अजून काही दिवस असंच वरखाली होणार, उद्या बघू. घाबरायचं नाही म्हणजे काय करायचं, ते नाही सांगितलं.
आईने रोट दुधात कुस्करला. सिस्टरला विचारून, आबांना उठवून बसवून, चमच्याने भरवला. आज संपायलाच हवा. वाटीत शेवटचा घास राहिला तेव्हा आबांनी मान फिरवली. आई म्हणाली, "एवढा खाई ल्या."
आबांनी वाटीत हात घातला. उजवा. निम्मं चादरीवर सांडलं. उरलेलं त्यांनी माझ्या तोंडाशी आणलं.
मी आईकडे पाहिलं. आईने डब्याचं झाकण उचललं आणि आमच्याकडे पाठ करून पुसत बसली. बराच वेळ.
मी खाल्ला.